साईच्या रंगाची आणि कोकमी

पनवेल, ८ ऑगस्ट १९९३

दाजी,

हा नमस्कार कुठल्या बंदरात पोचेल ठाऊक नाही, म्हणून दोन घालून ठेवतो. एक वाटेत खारवला तरी दुसरा मिळेल. तुमची बायको, म्हणजे माझी बहीण किशोरी, करंज्यात मजेत आहे. गेल्या आठवड्यात सुका जवळा घेऊन आली होती आणि जाताना मला चार शब्द सुनावून गेली. म्हणजे तब्येत उत्तम.

गेल्या वर्षी सुट्टीत तुम्ही आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होतात, "मेवणे, तुमी कंदी तोंड उघडून कायतरी मागा." मी हसलो होतो. आता मागतो.

आमच्या 'सागरतरंग' ऑर्केस्ट्रात कल्पेश नावाचा एक तरुण आला आहे आणि त्याच्याबरोबर त्याचा कीबोर्ड. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की गिटार, तिसरं दाबलं की कुत्रा. कुत्रा अगदी हुबेहूब. गिटार तितकीशी नाही, पण हळदीच्या मांडवात दोन ग्लास झालेल्या माणसाला कुत्र्याचीही गिटार वाटते. आमचे मालक भरतशेठ परवा म्हणाले, "कमळाकरदादा, राग मानू नका. तुमची गिटार खराट्यासारखी दिसते आणि वाजते पण तशीच. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या लागतील. तोवर चांगली गिटार आणा, नाहीतर कल्पेशच्या बटणावर भागवू."

बावीस वर्षं मी त्यांच्याकडे उभा आहे. बटणाला मात्र उभं राहावं लागत नाही.

दाजी, पंचायत समितीत मी दिवसभर कागदांवर जावक क्रमांक टाकतो. संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवली की तेवढा वेळ कुणी मला "साहेब, आमचं काय झालं?" विचारत नाही. तो वेळ गेला तर मागे फक्त जावक क्रमांक उरतील. तुमची बोट जपानला जाते म्हणता. तिथे एखादी चांगली इलेक्ट्रिक गिटार बघा. खरोखर चांगली. आयुष्यात एकदाच घ्यायची आहे.

तुमचा,
कमळाकर


कोबे, जपान, १९ सप्टेंबर १९९३

कमळाकर मेवणे यांना काशिरामचा रामराम.

तुमचा पत्र कंपनीच्या पाकिटातून आला. डेकवर वाचून एकटाच हसलो, तर क्याप्टनला वाटला खलाशांचा मुकादम, आपला सारंग, दुपारीच पिला.

काल सुट्टी भेटली तसा दुकानात गेलो. तीन माळ्याचा दुकान, नुसत्या गिटारी. आमच्याकडं बोंबील वाळत घालतात तशा टांगलेल्या. दुकानदार म्हातारा. मी आत गेलो तर वाकला, काय पायजे सांगितला तर वाकला, निघालो तर वाकला. अशा माणसाशी भाव कसा करायचा? आपल्याकडं कोळणीला असा वाकायला सांगा, टोपलीच डोक्यात घालेल.

त्यानं शोधून दोन काढल्या. एक अमेरिकेची, एक जपानची. दोनी वरच्या दर्जाच्या, किमतीत उन्नीस-बीस. आणि मेवणे, खरा सांगतो, दोगी बाजूबाजूला ठेवल्या तर त्यांची आयस पण गोंधळेल. तीच दोन शिंगा, तीच कंबर, पोटावर तशाच तीन पट्ट्या, खाली सूर हलवायची तशीच काडी. मासा असता तर कल्ले उघडून सांगितला असता ताजा कुठला. हिचे कल्ले कुठं शोधू?

तरी जेवढा कळला तेवढा लिवतो. अमेरिकेची हाय साईच्या रंगाची. वजनाला जड. तिची दांडी जाडी हाय, वल्ह्याची मूठ धरल्यासारखी. म्हाताऱ्यानं वाजवली तर आवाज खोल, आणि तार सोडली तरी जात नाय, पावण्यासारखा दारात रेंगाळतो. जपानची हाय पिकल्या कोकमासारखी लाल. हलकी. दांडी बारीक न् चपटी, माझ्या हातात तर हरवलीच. आवाज साफ, ताटावर पाणी पडल्यासारखा.

नाव मोठा अमेरिकेचा. दुकानदार पण तिला हात लावताना आधी फडक्यानं पुसतो. दुसरीला पुसत नाय.

आमी महिना-दीड महिन्यात परत इथं येऊ. म्हाताऱ्यानं दोनी ठेवून द्यायचा कबूल केला, आणि वाकला. तुमी सांगा कुठली. हात तुमचा हाय.

काशिराम


पनवेल, ५ ऑक्टोबर १९९३

दाजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि भरतशेठना एकदा वाचून दाखवलं. बोंबलांचं वाक्य त्यांना फार आवडलं. गिटारींचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

जपानची घ्या. कोकमी.

कारणं विचाराल, म्हणून देतो. एक, मला मोठ्या नावाची हौस नाही. सुकापूरच्या हळदीत कोण विचारतंय ती कुठली आहे? तिथे एकच विचारतात, "पुढचं कोळीगीत कधी?" दुसरं, साईच्या रंगावर हळदीचे हात लागले की सीझन संपेपर्यंत तिचं पिठलं होईल. कोकमीवर डाग दिसत नाहीत. तिसरं, ती हलकी आहे, आणि या वयात माणसाने गळ्यात हलक्याच गोष्टी घालाव्यात. आणि दांडी बारीक आहे ते बरं. का, ते विचारू नका. पंचेचाळिशी उलटली की माणसाला बारीक गोष्टी आवडू लागतात, एवढंच समजा.

तेव्हा कोकमी. दुसरीचा विचारही करू नका. माझं काही अडणार नाही, मला हीच चालेल.

आमच्या सौ. सुमतीने तुमच्यासाठी लोणचं घातलंय. बोट मुंबईला लागली की बरणी किशोरीकडे पोचवतो.

कमळाकर


कोबे, ३० ऑक्टोबर १९९३

मेवणे,

अमेरिकेचीच घेतली. साईच्या रंगाची.

आता तोंड वाकडा करू नका. मी काय तुमाला आज ओळखतो? तुमी लिवला, "मला हीच चालेल." अवो, तुमी आमच्या घरी जेवाला बसता तवा पण हेच बोलता. "बास झाला, मला चालेल." आणि ताटावर आडवा हात धरता. मग किशोरी त्याच हातावर वरचा तुकडा टाकते आणि तुमी तो काट्यासकट खाता. मी पंचवीस वरसा बघतोय. बहिणीच्या घरून भावानं काय घ्यायचा नसतो ही तुमची जुनी खोड, म्हणून तुमी लहान नाव मागितला. हळदीचा डाग आणि पिठला आणि बारीक दांडी, हे सगळा मागून लावलेला. मला कळत नाय काय?

दुकानात पण अशीच गंमत झाली. मी म्हाताऱ्याला बोललो, माझा मेवणा लाजतो, त्याला लाल पायजे बोलतो. दुभाषी पोरगीनं त्याला काय सांगितला देव जाणे. म्हातारा वाकला, आणि त्यानं साईवाली पुसून पेटीत ठेवली. त्यांच्यात पण लाजून असाच उलटा मागत असनार.

मोरा गावचा शिवा बोट सोडून घरी येतोय, त्याच्यासोबत पाठवतोय. पेटी कठीण हाय, आतून मखमल. एकदा आयुष्यात घ्यायची बोललात, मग ती मोठीच घ्यायची.

काशिराम


पनवेल, २ डिसेंबर १९९३

दाजी,

शिवा पेटी घेऊन उरण नाक्यावर उतरला तेव्हा रिक्षावाल्याला वाटलं, कुणाचं तरी लहान मूल गेलं. त्याने भाडं घेतलं नाही. तेवढा तुमच्या गिटारचा पहिला फायदा.

घरी उघडली. काय सांगू? अशी वस्तू आमच्या आळीत आली नव्हती. शेजारचे येऊन गेले, शेजारच्यांचे पाहुणे येऊन गेले. एका आजीबाईंनी तिला हळदकुंकू लावायला काढलं होतं, सुमतीने हात धरला. भरतशेठनी दोन्ही तळवे पँटला पुसून मग हात लावला. त्यांनी माझ्याशीही कधी तेवढा शिष्टाचार दाखवला नव्हता. आता बॅनरवर 'अमेरिकन गिटार' असं माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलंय. माझ्या नावाचा काना उडालाय. 'गिटार'चा शाबूत आहे.

आवाज तुम्ही लिहिलात तसाच आहे. रेंगाळतो. इतका, की बोट उचललं तरी मागे वळून बघावंसं वाटतं.

तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, त्याबद्दल आभार मानू लागलो तर पत्र फार लांबेल आणि तुम्ही परत म्हणाल, भीड बाळगतो. तेव्हा नाही मानत. सीझन सुरू झालाय, सध्या वेळ होत नाही. थकायला मात्र होतं.

कमळाकर


करंजा, २७ डिसेंबर १९९३

अहो,

घरचे सगळे बरे हायत. तुमच्या भावाने छपराचे पत्रे बसवून दिले. आता दुसरं लिहिते.

मागल्या रविवारी सुकापूरला आपल्या नात्यातल्या दिपाच्या हळदीला गेले होते. दादाचा ऑर्केस्ट्रा होता. तुमची गिटार बघायची म्हणून मी मांडवात पुढे जाऊन बसले. गिटार दिसली, दादा दिसला नाय. मग बघते तर कुठे? ड्रमच्या पाठी. गाण्यात गिटारचा तुकडा आला की वाजतोय कल्पेश, बटणावर, आणि दादा नुसता हात हलवतोय. मी त्याची बहीण, मला कळतंय त्याचा हात कधी वाजवतो न् कधी नाय.

वहिनीला गाठली. आधी विषय बदलला. मग सांगितलं. त्याच्या डाव्या हाताचं तिसरं बोट धरतं. साखरेच्या आजारामुळे होतं म्हणे. वाकलं की वाकलेलंच राहतं, मग उजव्या हाताने ओढून सरळ करावं लागतं, टक्कन आवाज होतो. दीड वर्ष झालं. जुन्या गिटारच्या बारीक दांडीवर कसंबसं जमत होतं, जाडीवर जमतच नाय. पहिल्याच हळदीत भर गाण्यात बोट अडकलं. भरतशेठने दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, "दादा, गिटार गळ्यात असू द्या, लोकं तीच बघायला येतात. आवाज कल्पेश काढेल."

म्हणजे दादा आता गिटार टांगायचा खुंटा झालाय.

त्याने तुमाला लाल मागितली होती ना? मी वहिनीकडनं ऐकलं. मग तुमी ऐकलं का नाय? आणि त्याला पण काय झालं होतं बोट दुखतं म्हणून सरळ लिहायला! दोघं पण एकाला झाकावा न् दुसऱ्याला काढावा. मी त्याच्या ताटात वाढते ती गोष्ट तुमी त्याला लिहिलीत म्हणे. अहो, तो तुकडा पण तो खातो तो माझ्या भीतीने. नंतर दोन दिवस ओवा चघळत बसतो.

किशोरी


सिंगापूर, १८ जानेवारी १९९४

मेवणे,

किशोरीचा पत्र आला. आधी तुमचा राग आला, मग माझा. आता दोगांचा पण येऊन गेलाय.

बोटाचा एक शब्द लिवला असता! मी तुमाला हसलो असतो काय? आमच्या बोटीवर अर्ध्या खलाशांची बोटा पुरी नायत. आणि माझी पण अक्कल बगा. माणूस लाल बोलतोय, मी पांढरी समजतोय. आपल्यात कोन सरळ मागतच नाय, म्हणून कोनी सरळ मागितला तर ऐकू येत नाय.

तर आता ऐका. फेब्रुवारीच्या शेवटाला कोबेला जातोय. कोकमी अजून तितंच हाय, दुभाषी पोरगीला फोन लावून विचारला. ती घेऊन येतो. साईवाली विकू, नायतर ठेवू, ते मागून बघू. मला एकच शब्द लिवा, पायजे का नको. पायजे बोललात तर पायजे समजेन, नको बोललात तर नको. ताटावर हात आडवा धरलात तर या वेळी मी वाढनार नाय. आई एकवीरेची शपथ.

पन लवकर लिवा. आणि वाजवायचा सोडू नका.

काशिराम


पनवेल, १३ फेब्रुवारी १९९४

दाजी,

नको.

एक शब्द मागितलात, तो वर दिलाय. पण एवढ्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, एकवीरेची शपथ असली तरी, म्हणून पुढचं लिहितो.

बोटाचं कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मग कशाला नवी गिटार? आराम करा." तेच डॉक्टर म्हणतात, तेच सुमती म्हणते. ज्याला त्याला मला आराम द्यायचाय. म्हटलं, एक माणूस तरी राहू दे, ज्याला वाटतं की मी वाजवू शकतो. तो माणूस कोबेला होता, हे सोयीचं होतं.

जानेवारीत मी सोडायचं ठरवलं होतं. खुंट्याला राजीनामा द्यावा लागत नाही, नुसतं दुसऱ्या दिवशी जायचं नाही की झालं. पण गेलो. नाही जाऊन तरी करायचं काय? घरी सुमती कारल्याचा रस घेऊन उभी असते.

बेलपाड्याला हळद होती. ड्रमच्या पाठीमागे मी उभा. तुमची साईची बया खांद्याला ओढतेय, कमरेत कळ येतेय. वाजवायचं नाहीच, तर मग उभं तरी कशाला राहायचं? लोखंडी खुर्ची ओढली, बसलो आणि गिटार मांडीवर आडवी टाकली. दमलेल्या मुलाला टाकतात तशी. भरतशेठचे डोळे मोठे झाले. समोरून एक जण ओरडला, "ओ मास्तर, मेली काय ती? आडवी केलीत?" मी म्हटलं, "नाही, मीच मेलोय. तिला उभं राहता येतं."

पायाशी भरतशेठची जुनी ट्रंक होती. आधीच्या काळी ऑर्केस्ट्रात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईन गिटार असायची, तिचा लोखंडी तुकडा ट्रंकेत गंजत पडला होता. दांडीवर बोटं दाबायची नाहीत, तारांवरून नुसतं लोखंड फिरवायचं. त्याला अंगठा न् दोन बोटं पुरतात. तिसरं बोट अडकलं काय, सुटलं काय. मी तारा ढिल्या करून वेगळ्या लावल्या, त्या दांडीपासून जरा उचलाव्यात म्हणून खाली काड्यापेटीची एक काडी सरकवली आणि लोखंड फिरवून बघितलं, कल्पेशच्या आवाजाखाली, चोरून.

दाजी, तो रेंगाळणारा आवाज! तुम्ही पावण्यासारखा म्हणाला होतात. तो पाहुणा आता घरात चालू लागला. या पट्टीतून त्या पट्टीत, मधली एकही पायरी न मोजता.

तेवढ्यात वायरी सांभाळणाऱ्या बॅटरीवाल्याने काहीतरी केलं, माझा स्पीकर वाचला आणि कीबोर्ड बंद पडला. कुत्र्यासकट. त्याच वेळी गोदूबाई उठल्या. बेलपाड्याच्या त्या धवलारीण, तुम्हाला माहीत आहेत. कल्पेशला मात्र सांगावं लागलं की आपल्या लग्नात भटजीइतकाच धवलारणीचा हक्क, त्या धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणू लागल्या की ऑर्केस्ट्राने तोंड मिटायचं. बाकीच्यांनी मिटलं. मला मिटता आलं नाही. त्यांचा आवाज सत्तरीचा, कुठे चिरतो, कुठे घसरतो, कुठल्याच पेटीच्या सुरात बसत नाही. मी लोखंड हळूच त्याच्यामागे सोडलं. तो घसरला की हे घसरलं. तो थांबला की हे थोडं पुढे जाऊन थांबलं, मग ओशाळून मागे आलं.

दोन धवले झाल्यावर बाई वळल्या. मला वाटलं, आता बावीस वर्षांचा हिशेब होणार.

"कोनाचा रं तू?"

"पनवेलचा. कमळाकर."

"इतकी वरसा तुमचा तो बाजा माझ्या म्होरं पलत व्हता. आज मागं आला." मग स्पीकरकडे बोट केलं. "सकाली नवरीला न्हाऊ घालताना ये. पन तो डबा नको आनू."

मी म्हटलं, "आजी, डब्याशिवाय हिला आवाजच नसतो. विजेवरची आहे."

"दाव."

मी वायर काढली आणि तशीच छेडली. डास गुणगुणतो त्याहून थोडा जास्त आवाज. भरतशेठ कपाळाला हात लावून उभे. एवढी अमेरिकन गिटार, बॅनर, पेटीतली मखमल, आणि हा आवाज! गोदूबाईंनी कान तारांजवळ आणला. बराच वेळ ठेवला.

"येवढाच पायजे," म्हणाल्या.

म्हणून दाजी, नको. कोकमीची दांडी बारीक होती, ते आता माझ्या कामाचं नाही. आणि विजेशिवाय छेडल्या तर त्या दोघींत काय फरक आहे, ते त्या म्हाताऱ्यालाही सांगता येणार नाही. त्याला विचारायला जाऊ नका, तो बिचारा परत वाकेल.

भरतशेठनी मला ऑर्केस्ट्रातून काढलंय की ठेवलंय, हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलेलं नाही. गेल्या चार लग्नांत गोदूबाईंनी मला पुढे बसवलं. बिदागीत नारळ आणि तांदूळ मिळतात. सुमती तांदूळ लपवून ठेवते, साखर वाढते म्हणून. दमायला पूर्वीइतकंच होतं. कमी होईल असं वाटलं होतं, पण नाही.

बेलपाड्याला त्या सकाळी गेलो होतो. अंगणात चार बायका, मधे पाटावर नवरी, चुलीवर पाणी. बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती, कोंबड्या ओरडत होत्या. मी ओट्याच्या कडेला गिटार मांडीवर घेऊन बसलो आणि गोदूबाईंच्या मागे मागे गेलो. बाकी कुणाला काही ऐकू आलं नसणार.

त्यांना येत होतं.

कमळाकर